‘प्रॉपगेट’ : माळ्याचा एक शब्द आणि धम्मदीक्षेचा हक्क

भारतीय संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदात धर्मस्वातंत्र्य सांगताना मूळ इंग्रजी मसुद्यात तीन क्रियापदे योजली आहेत : ‘प्रोफेस’, ‘प्रॅक्टिस’ आणि ‘प्रॉपगेट’. मराठी अनुवादात त्यांच्या जागी प्रकटीकरण, आचरण व प्रसार हे शब्द आले आहेत. यांपैकी पहिल्या दोन शब्दांविषयी फारसा वाद झालेला नाही. तिसऱ्या शब्दाविषयी मात्र संविधान सभेत, उच्च न्यायालयांत व सर्वोच्च न्यायालयात पुनःपुन्हा खल झाला आणि तो अद्याप थांबलेला नाही. लक्षावधी लोकांनी ज्या हक्काच्या बळावर धम्मदीक्षा घेतली त्या हक्काशी या शब्दाचा निकटचा संबंध आहे. म्हणून त्याची घडण, त्याचा प्रवास आणि पालि परंपरेतील तत्सम कल्पना यांचा एकत्र विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

द्राक्षमळ्यातील शब्द

‘प्रॉपगेट’ हा शब्द मुळात धर्माचा नाही. तो माळ्याचा आहे. लॅटिन भाषेत ‘प्रोपागो’ म्हणजे वेलीची वा झाडाची जमिनीत दाबलेली फांदी, आणि ‘प्रोपागारे’ म्हणजे अशी फांदी दाबून नवे रोप तयार करणे. आपल्याकडे शेतकरी ज्याला दाब कलम म्हणतात तीच ही क्रिया होय. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात रोमन लेखक केटो याने शेतीवर लिहिलेल्या ग्रंथात तिची कृती दिली आहे. झाडाच्या बुडाशी फुटलेला फुटवा वाकवून मातीत दाबावा, त्याचा शेंडा वर ठेवावा आणि मूळ धरल्यावर, दोन वर्षांनी, तो उचलून दुसरीकडे लावावा, असे तो सांगतो. झाडावरच फांदीभोवती माती बांधून मुळे फुटू देण्याची, म्हणजे आपल्या गुटी कलमासारखी, रीतही त्याने वर्णिली आहे.

या क्रियेचा एक विशेष ध्यानात घ्यावा. दाब कलमाने तयार झालेले रोप मातृवृक्षाचेच अंग असते. बीजापासून उगवलेल्या रोपात काही वेगळे गुण येऊ शकतात; कलमात ते येत नाहीत. शिवाय ही क्रिया सर्वस्वी माळ्याची असते. कोणती फांदी वाकवावी, कोठे दाबावी व केव्हा तोडावी हे तो ठरवितो. फांदीला त्यात काही म्हणावयाचे नसते.

लॅटिनमध्येच या शब्दाला लाक्षणिक अर्थ प्राप्त झाला. वेलीचा फुटवा तसा वंशाचा फुटवा, या साम्याने ‘प्रोपागो’ म्हणजे संतती, कुळाचा विस्तार असा अर्थ रूढ झाला. सोळाव्या शतकात इंग्रजीने हा शब्द स्वीकारला तो दोन्ही अर्थांसह. आजही इंग्रजी बागकामाच्या पुस्तकांत बी, छाट, दाब, डोळा व कलम या सर्व रीतींना मिळून ‘प्रॉपगेशन’ असे एकच नाव आहे. रोपे वाढविण्याच्या झाकणाच्या पेटीस ‘प्रॉपगेटर’ म्हणतात. याच शब्दाने पदार्थविज्ञानात तरंगांचे पुढे सरकणे, वैद्यकात रोगाचा फैलाव आणि व्यवहारात मताचा वा बातमीचा प्रसार दर्शविला जातो. मराठीने मात्र या अर्थांची वाटणी करून टाकली. कृषिशास्त्राची मराठी पाठ्यपुस्तके रोपांच्या संदर्भात ‘अभिवृद्धी’ म्हणतात आणि धर्माच्या संदर्भात आपण ‘प्रसार’ म्हणतो. त्यामुळे संविधानाचा मराठी अनुवाद वाचणाऱ्यास येथे बागेचा गंधही येत नाही.

बागेतून चर्चमध्ये

ख्रिस्ती परंपरेत द्राक्षवेल, फांद्या, पेरणी व पीक ही रूपके फार जुनी आहेत. त्यामुळे ‘प्रोपागारे’ हा शब्द चर्चच्या भाषेत सहज रुजला. १६२२ साली पोप पंधरावा ग्रेगरी याने रोम येथे धर्मप्रसारासाठी कार्डिनलांचे मंडळ स्थापन केले. त्याच्या लॅटिन नावात ‘प्रोपागांडा फिदे’, म्हणजे ज्या श्रद्धेचा प्रसार करावयाचा ती श्रद्धा, हे शब्द होते. आज मराठीतही वापरला जाणारा ‘प्रोपगंडा’ हा शब्द याच नावातून निघाला. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१४ ते १९१८ च्या दरम्यान, सरकारांनी चालविलेल्या प्रचारामुळे त्याला हीन अर्थ चिकटला.

प्रॉटेस्टंट इंग्लंडनेही हाच शब्द उचलला. १६४९ मध्ये इंग्लिश पार्लमेंटने न्यू इंग्लंडमधील धर्मप्रसारासाठी एक संस्था स्थापन केली आणि १७०१ मध्ये तिसऱ्या विल्यमच्या सनदेने परदेशांतील धर्मप्रसारासाठी दुसरी संस्था निघाली. दोहोंच्या नावांत ‘प्रॉपगेशन’ हा शब्द आहे. एस. पी. जी. या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या या दुसऱ्या संस्थेने एकोणिसाव्या शतकात तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात अस्पृश्य वस्त्यांमध्ये काम केले. म्हणजे हा शब्द आपल्या प्रदेशात संविधानापूर्वीच येऊन पोहोचला होता आणि तो आला तो ख्रिस्ती मिशनचा शब्द म्हणून. संविधान सभेतील वादाची पार्श्वभूमी ही अशी आहे.

संविधान सभेत

मार्च १९४७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने संविधान सभेसाठी एक निवेदन तयार केले. ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या नावाने ते प्रसिद्ध आहे. त्यात धर्मस्वातंत्र्याचे कलम आहे. परंतु ‘प्रॉपगेट’ हा शब्द नाही. बाबासाहेबांनी तेथे योजलेली तीन क्रियापदे ‘प्रोफेस’, ‘प्रीच’ व ‘कन्व्हर्ट’ अशी आहेत : धर्म प्रकट करणे, उपदेशिणे आणि धर्मांतर घडविणे. या हक्काला त्यांनी सार्वजनिक सुव्यवस्था व नीतिमत्ता यांची मर्यादा घातली होती. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास धर्मांतराची घोषणा केलेल्या नेत्याने ‘कन्व्हर्ट’ हा शब्द संदिग्ध ठेवला नाही, हे येथे नमूद केले पाहिजे.

संविधानात मात्र हा शब्द आला नाही. मूलभूत हक्कविषयक उपसमितीच्या मसुद्यात धर्म प्रकट करणे व आचरणे एवढेच होते. एप्रिल १९४७ मध्ये अल्पसंख्याकविषयक उपसमितीत एम. रत्नस्वामी यांनी ख्रिस्ती व इस्लाम हे स्वभावतःच प्रसारशील धर्म असल्याकडे लक्ष वेधले आणि त्या उपसमितीच्या शिफारशीने ‘प्रॉपगेट’ हा शब्द घातला गेला. जुलूम वा गैरवाजवी दडपण यांनी झालेले धर्मांतर कायद्याने मानू नये, असेही एक स्वतंत्र कलम सुचविण्यात आले होते. १ मे १९४७ रोजी त्यावर चर्चा झाली. ते पुन्हा सल्लागार समितीकडे गेले आणि पुढे वगळण्यात आले. अशा रीतीने ‘धर्मांतर’ हा शब्द दोन्ही बाजूंनी बाहेर पडला आणि माळ्याचा शब्द तेवढा शिल्लक राहिला.

३ व ६ डिसेंबर १९४८ या दोन दिवशी या अनुच्छेदावर, म्हणजे मसुद्यातील अनुच्छेद १९ वर, सभागृहात चर्चा झाली. तजम्मुल हुसेन यांनी धर्म ही माणसाची खासगी बाब असल्याचे सांगून प्रसाराचा उल्लेख नको असे मांडले. लोकनाथ मिश्र यांनीही या शब्दास कडाडून विरोध केला. उलट पंडित लक्ष्मीकांत मैत्र, एल. कृष्णस्वामी भारती, क. मा. मुन्शी आणि टी. टी. कृष्णम्माचारी यांनी त्याचा पुरस्कार केला. मुन्शींचा युक्तिवाद असा की, हा शब्द नसता तरी भाषणस्वातंत्र्याच्या हक्काखाली कोणीही दुसऱ्यास आपल्या धर्माकडे येण्याविषयी समजावू शकला असता. हा हक्क केवळ ख्रिस्ती लोकांना नव्हे तर सर्वांनाच मिळतो, हे कृष्णम्माचारींनी दाखवून दिले. अखेर ६ डिसेंबर १९४८ रोजी तो शब्द कायम राहून अनुच्छेद संमत झाला.

या संपूर्ण चर्चेत वक्त्यांच्या डोळ्यांसमोर प्रामुख्याने ख्रिस्ती मिशन व इस्लाम होते. आठच वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूर येथे या स्वातंत्र्याचा स्वतंत्र भारतातील सर्वांत मोठा सामुदायिक आविष्कार बौद्ध धम्माच्या दिशेने होईल याची कल्पना त्या सभागृहातील फारच थोड्यांना असावी.

शब्दकोश आणि न्यायालय

१९६७ साली ओरिसाने आणि १९६८ साली मध्य प्रदेशाने बळाने, आमिषाने वा कपटाने होणाऱ्या धर्मांतराविरुद्ध कायदे केले. ओरिसा उच्च न्यायालयाने तेथील कायदा रद्द ठरविला. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने आपल्याकडील कायदा वैध ठरविला. दोन्ही प्रकरणे सर्वोच्च न्यायालयात एकत्र आली. १७ जानेवारी १९७७ रोजी सरन्यायाधीश ए. एन. राय यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायाधीशांच्या पीठाने निकाल दिला. रेव्हरंड स्टेनिस्लॉस विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या नावाने तो ओळखला जातो.

‘प्रॉपगेट’ या शब्दाचा अर्थ ठरविण्यासाठी न्यायालयाने शब्दकोश उघडले. त्यातून व्यक्तीकडून व्यक्तीकडे वा स्थळाकडून स्थळाकडे पसरविणे, पोहोचविणे हा अर्थ स्वीकारला. म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे समजावून सांगून त्याचा प्रसार करण्याचा हक्क मान्य झाला. परंतु दुसऱ्यास आपल्या धर्मात आणण्याचा मूलभूत हक्क कोणास नाही, असे न्यायालयाने म्हटले. त्याचे कारण असे दिले की, सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य प्रत्येकास आहे आणि एकाचा दुसऱ्यास धर्मांतरित करण्याचा हक्क मानला तर त्या दुसऱ्याच्या स्वातंत्र्यास बाध येईल. ज्येष्ठ घटनातज्ज्ञ एच. एम. सिरवई यांनी या निकालावर कठोर टीका केली. या शब्दामागचा संविधान सभेतील इतिहास न्यायालयाने पाहिलाच नाही, हा त्यांचा प्रमुख आक्षेप होता.

या निकालाची दुसरी बाजू आपल्या वाचकांनी विशेष लक्षात घ्यावी. दुसऱ्यास धर्मांतरित करण्याचा हक्क नाही असे म्हणताना न्यायालयाने आधार घेतला तो धर्म निवडणाऱ्याच्या स्वातंत्र्याचा. तेव्हा, जो स्वतः विचार करून धर्म बदलतो त्याचे स्वातंत्र्य या निकालाच्या युक्तिवादाने दुबळे होत नाही. उलट तेच त्याचे अधिष्ठान ठरते. पण अनेक राज्यांतील पुढील कायद्यांनी ही मर्यादा पाळली नाही. गुजरातच्या २००३ च्या कायद्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीची तरतूद आली. २००६ मध्ये तेथील विधानसभेने संमत केलेल्या दुरुस्ती विधेयकात बौद्धांची गणना हिंदू धर्मातच केली होती. ते विधेयक पुढे मागे घेण्यात आले. ८ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकात त्याच राज्याच्या गृहविभागाने बौद्ध धर्म हा स्वतंत्र धर्म असल्याचे स्पष्ट केले, परंतु हिंदू धर्मातून बौद्ध धर्मात येण्यास या कायद्याखाली पूर्वपरवानगी आवश्यक असल्याचेही सांगितले. स्वतंत्र धर्म म्हणून मान्यता आणि स्वतंत्र निर्णयास परवानगीची अट, अशा दोन्ही गोष्टी एकाच कागदावर आल्या.

पालि साहित्यातील बीज आणि मूळ

आता पालि साहित्याकडे वळू. रोपांच्या अभिवृद्धीचे शास्त्र त्रिपिटकाला अपरिचित नाही. विनयपिटकात वनस्पतींचा नाश करण्यास भिक्खूंना मनाई करणारा जो पाचित्तिय नियम आहे त्याच्या विवरणात पाच प्रकारची बीजे सांगितली आहेत. मूलबीज म्हणजे मुळापासून वाढणारी, उदाहरणार्थ हळद व आले. खन्धबीज म्हणजे खोडापासून वाढणारी, उदाहरणार्थ पिंपळ व वड. फळुबीज म्हणजे पेरापासून वाढणारी, उदाहरणार्थ ऊस व वेळू. अग्गबीज म्हणजे शेंड्यापासून वाढणारी, उदाहरणार्थ तुळशीच्या जातीची सुगंधी झुडपे. आणि बीजबीज म्हणजे धान्ये व कडधान्ये. इंग्रजीत ‘प्रॉपगेशन’ या एका शब्दाने जे सांगितले जाते त्याची ही पंचविध व्यवस्थाच होय.

संयुत्तनिकायाच्या खन्धसंयुत्तात याच पाच बीजांचे रूपक होते. तेथे ही बीजे म्हणजे आहारासह विज्ञान, माती म्हणजे विज्ञानाची चार आश्रयस्थाने आणि पाणी म्हणजे नन्दिराग. सुत्तनिपातातील कसिभारद्वाज सुत्तात तथागत स्वतःस शेतकरी म्हणवितात. तेथे श्रद्धा हे बीज आहे आणि प्रज्ञा हे जू व नांगर. या रूपकांतील शेताकडे पाहावे. ज्याचे मन तोच शेतकरी आणि तेच त्याचे शेत. एकाने वाकवावे आणि दुसऱ्याने वाकावे, ही दाब कलमाची व्यवस्था येथे आढळत नाही.

पालि इतिहासग्रंथांत तर वाच्यार्थ व लक्ष्यार्थ एकत्रच चालतात. महावंसानुसार थेरी संघमित्ता बोधिवृक्षाची दक्षिण शाखा घेऊन सिंहलद्वीपास गेली आणि ती अनुराधपुरास लावली गेली. खन्धबीजाचे विनयातील उदाहरण पिंपळाचे, आणि इतिहासातील सर्वांत विख्यात खन्धबीजही पिंपळाचेच. त्याच आगमनाने अनुला राणी व तिच्या सहचारिणी यांना प्रव्रज्या मिळाली आणि भिक्खुनीसंघ तेथे स्थापन झाला. पुढे त्या वृक्षाच्या फळांपासून आठ रोपे निरनिराळ्या स्थळी लावल्याचे महावंस सांगतो. म्हणजे प्रथम शाखा आली, मग बीज आले. नागपूरच्या दीक्षाभूमीवरील बोधिवृक्षही अनुराधपुराहून भदन्त आनंद कौसल्यायन यांनी आणलेल्या फांद्यांचा आहे.

परंतु झाड लागले म्हणजे शासन रुजले असे थेर महिंदांनी मानले नाही. विनयाची अट्ठकथा समन्तपासादिका हिच्या निदानकथेत एक अर्थपूर्ण प्रसंग आहे. शासन आता प्रतिष्ठित झाले काय, असे राजा देवानंपियतिस्साने विचारले असता, शासन प्रतिष्ठित झाले आहे, पण त्याची मुळे अद्याप खाली उतरलेली नाहीत, असे उत्तर थेरांनी दिले. मुळे केव्हा उतरतील? या द्वीपात, याच द्वीपातील आईबापांच्या पोटी जन्मलेला मुलगा येथेच प्रव्रजित होऊन, येथेच विनय शिकून, येथेच त्याचे पठण करील तेव्हा. ही अट महाअरिट्ठ थेरांनी पूर्ण केल्याचे ती कथा सांगते. बाहेरून आणलेली शाखा हा आरंभ होय. रुजणे हे त्या भूमीतील माणसाच्या स्वतःच्या अध्ययनावर व निर्णयावर अवलंबून असते, असा या उत्तराचा आशय आहे.

‘गच्छामि’ हे क्रियापद

धम्मात प्रवेश करण्याची पालि भाषाही हेच दर्शविते. शरणगमनातील ‘गच्छामि’ हे वर्तमानकाळी, प्रथमपुरुषी, एकवचनी रूप आहे. तेथे प्रयोजक क्रियापद नाही. मला कोणी नेत नाही, मी जातो. हजारोंच्या समुदायाने म्हटले तरी ते एकवचनच राहते. बाबासाहेबांनी नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञाही प्रथमपुरुषीच आहेत. त्या दिवशी भदन्त चंद्रमणी महास्थविरांकडून दीक्षा घेतल्यावर बाबासाहेबांनी स्वतः जनसमुदायास दीक्षा दिली. पण प्रत्येकाने उच्चारले ते स्वतःविषयीचे वाक्य.

मज्झिमनिकायातील उपालि सुत्तात निगंठांचा प्रमुख उपासक उपालि तथागतांचा उपासक होऊ इच्छितो, तेव्हा तथागत त्यास नीट चौकशी करून, विचार करून पाऊल टाकण्यास सांगतात. आणि निगंठांना आजवर मिळत आलेले दान बंद करू नये असेही सुचवितात. दीघनिकायाच्या उदुम्बरिक सुत्तात, शिष्य मिळविण्याच्या इच्छेने आपण हे बोलत नाही, असे ते स्पष्ट करतात. त्याच वेळी महावग्गात पहिल्या साठ अर्हतांना बहुजनांच्या हितासाठी निरनिराळ्या वाटांनी जाण्याचा आदेशही आहे. प्रसाराचा आग्रह आणि निवड करणाऱ्याच्या विचारशक्तीचा आदर, ही दोन्ही अंगे येथे एकत्र आहेत. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडास बाबासाहेबांनी ‘कॅम्पेन ऑफ कन्व्हर्जन’ असे नाव दिले आणि त्यात उपालि न्हावी, सुनीत भंगी, सोपाक अशांच्या दीक्षांना मुद्दाम स्थान दिले. ज्यांना समाजाने निर्णय घेण्याचा अधिकारच नाकारला होता त्यांनी घेतलेले हे निर्णय आहेत.

धर्मांतरविषयक कायदे पुष्कळदा असे गृहीत धरतात की धर्म बदलणारा मनुष्य, विशेषतः दलित, आदिवासी वा स्त्री, ही माळ्याच्या हातातील फांदी आहे. कोणीतरी वाकविल्याशिवाय ती वाकणार नाही. ‘प्रॉपगेट’ या शब्दाच्या जुन्या अर्थातील ही अदृश्य गाठ कायद्याच्या कल्पनेत टिकून राहिली आहे. १९३५ ते १९५६ अशी एकवीस वर्षे एका समाजाने चर्चा, परिषदा, वाचन व वाद यांत घालवून मग निर्णय घेतला. या इतिहासास ते गृहीत लागू पडत नाही.

यावरून आपल्या संस्थांच्या नित्य व्यवहारासंबंधी दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. दीक्षासमारंभाची पत्रके, अर्ज व नोंदवह्या यांत ‘धर्मांतर घडवून आणले’ अशी प्रयोजक भाषा टाळून ‘दीक्षा घेतली’ असे कर्त्याचे क्रियापद लिहावे. ते धम्माशी सुसंगत आहे आणि १९७७ च्या निकालाच्या दृष्टीनेही नेमके आहे. दुसरे असे की, दीक्षा घेणाऱ्यास विहारात पालि व विनय शिकण्याची सोय त्याच्या गावीच व्हावी. आपल्या गावातील मुलगा वा मुलगी ज्या दिवशी आपल्याच विहारात मूळ पालि सुत्त वाचून त्याचा अर्थ इतरांस सांगेल, त्या दिवशी महिंद थेरांची अट तेथे पुरी झाली असे म्हणता येईल.